थोरलीची चाचणी

गज दीड वीत आत गेला आणि अडला.

मी तो बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि पुन्हा घातला. पुन्हा दीड वीतच. बंदुकीची नळी साडेतीन फूट लांब होती. म्हणजे खालची सव्वादोन फूट ती कशाने तरी गच्च भरलेली होती, आणि ठासणीच्या बंदुकीत लोक काय भरतात हे मला पोटापुरतं ठाऊक होतं. मी बंदूक टेबलावर अलगद आडवी केली, तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि शेजारी चहा पीत बसलेल्या फौजदार कुरण्यांना म्हणालो, "साहेब, जरा बाहेर जाऊन बसता का?"

"का?"

"कारण सांगितलं तर तुम्ही चालत जाणार नाही."

कुरणे कपबशी घेऊन गेले. अर्धा चहा दारातच सांडला.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा पोलीस. परवान्याची प्रत्येक बंदूक आमच्या हाताखालून जायची आणि तिच्याबद्दल एका छापील वहीत लिहावं लागायचं. नळी, घोडा, चाप, दस्ता असे चार बारीक रकाने आणि शेवटी एक रुंद रकाना, अभिप्राय. त्या रुंद रकान्यात माझ्या आधीचे सगळे आर्मोरर एकच शब्द लिहीत आले होते, 'ठीक'. बंदूक उडवून कोणी बघत नसे. हातात घ्यायची, नळीत डोकवायचं, घोडा दोनदा खटखटवायचा, ठीक. मीही नऊ वर्षं ठीकच लिहिलं.

मग त्या उन्हाळ्यात माझ्या 'ठीक'पैकी एक बंदूक रानडुकरावर उडवताना नळीतून फुटली आणि तात्या येवले नावाच्या शेतकऱ्याची दोन बोटं गेली. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर तोच मला धीर देत बसला. म्हणाला, तुमी तरी काय करनार हवालदार, तुमी बघितली व्हती की. हे त्याचं 'बघितली व्हती' मला असं लागलं की मी परत येऊन ती वही उचलली आणि नऊ वर्षांची 'ठीक' मोजली. आकडा सांगत नाही, लाज वाटते.

त्या अपघातानंतर हुकूम निघाला. पन्नास वर्षांहून जुनी प्रत्येक बंदूक आर्मोररने समक्ष उडवून बघावी. उडाली तर चालते लिहावं, नाही उडाली तर निकामी. निकामी बंदूक मुख्यालयात जमा करून कापून टाकावी. मी वही, हत्यारांची पेटी आणि वाळूने भरायचा एक रिकामा डबा घेऊन तालुक्यातालुक्याने फिरायला लागलो, आणि दसऱ्याला चार दिवस असताना या ठाण्यात पोचलो. तिथे पिंपरणीहून थोरली आली.

थोरली हे बंदुकीचं नाव. ती एस.टी.ने आली. हिरव्या शालीत गुंडाळलेली, दस्त्याला हळदकुंकू, नळीच्या तोंडात झेंडूचं फूल. तिला खिडकीजवळची जागा दिली होती आणि तिला घेऊन येणारे पाच जण अख्खा प्रवास उभ्याने आले होते. परवाना रंगराव ढाण्यांच्या नावाचा. सत्तरीचा, उंच, वाळलेला माणूस. डोक्याला पांढरा पटका, आणि बोलायच्या आधी घसा साफ करायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही पंचनाम्यासारखं वाटायचं. गाव त्यांना आबा म्हणे. सोबत देवीचा पुजारी ज्ञानू गुरव होता. उरलेले तिघे नुसते काळजी करायला आले होते.

काळजीचं कारण मला गुरवाने सांगितलं. पिंपरणीत दसऱ्याला सगळा गाव शिवेवरच्या देवळापुढे जमतो. गुरव तीनदा चांगभलं म्हणतो, तिसऱ्याला थोरलीचा बार होतो, आणि तो झाल्याशिवाय कोणी कोणाला आपट्याचं पान देत नाही. हा मान ढाण्यांचा. बासष्ट साली रंगराव आणि त्यांचा धाकटा भाऊ सर्जेराव यांची वाटणी झाली, तेव्हा थोरली रंगरावांकडे गेली आणि तिच्यामागोमाग मानही गेला. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. सर्जेरावांनी पुढे स्वतःची दुनळी बंदूक घेतली. गावाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की थोरली बंद पडली तर मान धाकट्याच्या दुनळीला. म्हणून तपासणीचा हुकूम जरी अख्ख्या जिल्ह्याला असला, तरी पिंपरणीपुरता तो सर्जेरावांनीच काढलेला होता. यावर गावात दुमत नव्हतं.

खुद्द सर्जेराव त्या दिवशी सकाळीच दुनळी घेऊन येऊन गेले होते. बसका, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस. त्यांची बंदूक नवी होती, तरी वर्षाची तपासणी होती. मी वाळूच्या डब्यावर दोन्ही बार काढले आणि चालते लिहिलं. एरवी लोक यावर हसतात, पान पुढे करतात. यांनी बंदूक खांद्याला लावली आणि विचारलं, "थोरलीचं कवा हाय?"

दुपारनंतर, मी म्हणालो.

ते मान हलवून गेले, पण गावाला गेले नाहीत. ठाण्याच्या मागच्या भिंतीपलीकडे लिंबाखाली जाऊन बसले. गुरवाने ते खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाला, "गिधाड बसावं तसं बसलंय बगा."

तर गज अडला. कुरणे गेले. मी रंगराव आणि गुरव या दोघांना आत घेतलं आणि विचारलं, ही शेवटची कधी उडाली.

"गेल्या दसऱ्याला," रंगराव घसा साफ करून म्हणाले.

"खांद्याला झटका बसतो का?"

"थोरली झटका देत न्हाई. घरातली हाय."

"आणि धूर?"

रंगरावांनी गुरवाकडे पाहिलं. गुरव म्हणाला, "धूर देवळामागनं निगतो."

"आवाज?"

"आवाजबी तिकडनंच."

"बंदूक देवळापुढे आणि आवाज देवळामागे?"

"देवीची करनी हाय," गुरव म्हणाला, एस.टी.ची वेळ सांगावी तितक्या सहज.

मग हळूहळू बाकीचंही कळलं. दर दसऱ्याला बार ठासताना गज आदल्या वर्षीपेक्षा दोन बोटं जास्त बाहेर राहायचा. गावाच्या ते लक्षात आलं होतं. थोरली अंगाने भरत चालली आहे असा गुरवाने निर्वाळा दिला होता, आणि दर साली लोक गजावर बोटं ठेवून मोजायचे आणि खूश व्हायचे. गेल्या दसऱ्याला मोजून अडतीस बोटं झाली होती.

मी मनातल्या मनात भागाकार केला आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरकलो. दोन बोटांचा एक बार. या बाईच्या पोटात एकोणीस दसऱ्यांचे एकोणीस बार एकावर एक ठासलेले होते, त्यातला एकही उडालेला नव्हता, आणि हा सत्तरीचा माणूस दर साली ती गालाला लावून घोडा पाडत होता. खालचा एक जरी पेटला असता तर तात्या येवल्याची दोन बोटं मला किरकोळ वाटली असती.

मी वही पुढे ओढली. निकामी लिहायला मला कोणी अडवणार नव्हतं. नियमाने तेच बरोबर होतं आणि पुढची एस.टी. मला मिळाली असती.

"निकामी लिवलं तर तिचं काय करत्यात?" रंगरावांनी विचारलं.

"मुख्यालयात जमा. मग कापतात."

"कापत्यात," ते म्हणाले आणि होते तिथेच फरशीवर बसले. मग, या खेपेला घसा साफ न करता, म्हणाले, "हवालदार, मला आता दुसरं काय ऱ्हायलं न्हाई. मंडळी गेली. पोरं ममईला. वरीसभर कोन माज्याकडं बगत न्हाई, मीबी मागत न्हाई. दसऱ्याला तेवढं सगळं गाव येकडाव माज्याकडं बगतं. तेवढंच हाय बगा."

मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, आबा, मी न बघता ठीक लिहिणार नाही आणि न बघता निकामीही लिहिणार नाही. आत काय आहे ते काढतो, नळी साफ करतो आणि एकदाच बार काढतो. उडाली तर तुमची, नाही उडाली तर सरकारची. पण साफ करताना तुम्ही बाहेर थांबायचं.

गुरव लगेच उठला. रंगराव उठले नाहीत. तिला एकटी सोडत नाही म्हणाले. मग मी दार लावून घेतलं आणि आम्ही तिघेच आत राहिलो, ते, मी आणि थोरली.

नळीत कोमट पाणी ओतून मी आधी वरची दारू भिजवून मारली. मग गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवून आत घातला, फिरवला आणि ओढला. पहिला बोळा आला. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग ती घट्ट बसावी म्हणून वर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा. हा काथ्याचा होता.

"गेल्या सालचा," रंगराव म्हणाले.

त्यांना सगळे ओळखू येत होते. मी बोळा काढून ओल्या वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि त्यांनी साल सांगायचं, असं चाललं. गोणपाटाचा निघाला, तो दुष्काळातला, तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं. एक जांभळ्या काठाच्या लुगड्याचा निघाला. त्याला त्यांनी साल सांगितलं नाही, तो उचलून कोपरीच्या खिशात ठेवला. मधे दोन लागोपाठ निवडणुकीच्या पत्रकांचे निघाले, दोन वेगळ्या पक्षांचे, ते बघून आम्ही दोघेही हसलो. पाणी ओतायचं, ओढायचं, मोजायचं. अठरा झाले. एकोणिसावा चिंधीचा नव्हता, दारूचाच काळा गोळा होता, आणि त्याच्याही खाली, नळीच्या अगदी तळाशी, आकडा पुन्हा कशात तरी रुतला.

मी जपून ओढलं. घडीवर घडी घालून बोटाएवढा केलेला जाड कागद बाहेर आला. कडेला भिजलेला, एका बाजूने काळा, पण आत कोरडा. उलगडला तर वर तिकिटाचा शिक्का. स्टॅम्पपेपर होता.

आता सगळा उलगडा झाला, निदान माझ्या धंद्यापुरता. घोड्याखाली केप फुटते, तिची ठिणगी तळाच्या बारीक भोकातून दारूपर्यंत जाते. इथे त्या भोकाच्या तोंडावर कागद बसला होता. एकोणीस वर्षांत वरून कितीही दारू ठासली तरी ठिणगी तिच्यापर्यंत पोचणारच नव्हती. या कागदानेच बार अडवला होता, आणि यानेच म्हाताऱ्याला जिवंत ठेवलं होतं.

"आबा, दारूच्या आधी कागद ठासलात?"

"रागात व्हतो."

"काय आहे हे?"

"वाटनीपत्र," ते म्हणाले. "वाटनी झाली आन् म्हैन्यानं दसरा आला. मी म्हनलं, ह्येच घालतो आन् ह्येचाच धूर करतो सगळ्या गावादेखत. आदी दारू का आदी कागद ह्ये डोस्क्यातच ऱ्हायलं न्हाई."

"मग उडाली नाही, तेव्हा काढून का बघितलं नाही?"

त्यांनी कागदाची एक घडी बोटाने सरळ केली.

"आवाज झाला की वो," ते म्हणाले. "घोडा पाडला आन् आवाज झाला. लोकांनी पानं वाटली. म्या म्हनलं, उडालं. मंग घरी आल्यावर वाटलं, काडून बगावं. पन आत असलं तर?"

एकोणीस वर्षं त्यांनी काढून बघितलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, अशा माणसांमुळेच बंदुका फुटतात. पण मीही नऊ वर्षं नळीत नुसता डोकावलो होतो. मी तो कागद उलगडून खिडकीत उन्हाला ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर कुरण्यांचा पेपरवेट ठेवला. कुरणे एव्हाना रस्त्यापलीकडे तहसील कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसले होते.

दुपार कलल्यावर नळी आरशासारखी झाली. भोक मोकळं केलं, घोड्याला तेल दिलं, नवी केप काढून ठेवली. बार भरताना रंगरावांनी खिडकीतला कागद आणला. आता कडकडीत वाळला होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी क्षणभर विचार केला. बोळा कशाचा असावा याबद्दल नियमात काही नव्हतं.

"दारू आधी," मी म्हणालो. "कागद नंतर."

"व्हय," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने ठासला. गज तळापर्यंत गेला. तो एवढा आत जाताना बघून, परत आत आलेल्या गुरवाचा चेहरा पडला. थोरली वाळली, तो पुटपुटला.

ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत मी लाकडी घोडीवर बंदूक दोरखंडाने बांधली, तोंड वाळूच्या डब्याकडे केलं. चापाला बारा हात लांब दोरी लावली. रंगराव म्हणाले, मानाचा बार गालाला लावून काढायचा असतो. मी म्हणालो, गाल ठेवायचा असेल तर दोरीने काढा. दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं, तेवढ्यावर तडजोड झाली. मग मी रीतीप्रमाणे एक-दोन-तीन म्हणणार, तर गुरव मधे आला. घोडीवर नारळ फोडला आणि म्हणाला, थोरली एक-दोन-तीन ओळखत नाही, तिला चांगभलंच लागतं. कुरणे, ठाण्यातले चार पोलीस, पिंपरणीचे तिघे, सगळे पडवीच्या खांबांआड उभे होते. मी म्हणालो, बरं, म्हणा.

"चांगभलं," गुरव ओरडला.

रंगरावांनी पटका सारखा केला.

"चांगभलं."

उडाली नाही तर हा माणूस इथून रिकाम्या हाताने एस.टी.त बसणार होता, आणि वहीत ते मला लिहावं लागणार होतं.

"चांगभलं."

धाड्कन आवाज झाला. पण आमच्या समोरून नाही. मागच्या भिंतीपलीकडून, लिंबाखालून. आम्ही सगळे तिकडे वळतो न वळतो तोच दुसरा आवाज झाला, पहिल्याच्या दुप्पट, आणि हा समोरून. घोडी हातभर मागे सरकली. डब्याच्या दिशेने पांढऱ्या धुराचा लोट गेला, झाडावरचे सगळे कावळे उठले, आणि वरून जळक्या कागदाचे बारीक कपटे सावकाश खाली यायला लागले. शिक्क्याचा एक तुकडा कुरण्यांच्या टोपीवर येऊन बसला.

भिंतीपलीकडून सुतळी बॉम्बचा निळसर धूर वर येत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. पिंपरणीच्या तिघांनी खाली बघितलं. ज्ञानू गुरवाने तोंडाला हात लावला.

"खराडे," कुरणे मला म्हणाले, "एक बंदूक आणि दोन आवाज?"

"प्रतिध्वनी, साहेब."

"प्रतिध्वनी आधी?"

"जुनी बंदूक आहे, साहेब."

कुरण्यांनी धुराकडे पाहिलं. ठाण्याच्या भिंतीला लागून, फौजदार समोर हजर असताना स्फोट, हे कागदावर कसं दिसेल याचा त्यांनी विचार केला असावा. मग म्हणाले, "हं. इथे भिंती फार आहेत. प्रतिध्वनी येणारच," आणि टोपी झटकून आत गेले.

तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून सर्जेराव धावत आले. हातात काड्यापेटी, बोटं काळी, तोंड पांढरं फटक. रंगराव दोरी हातात घेऊन तिकडेच निघाले होते. दोघे समोरासमोर आले आणि थांबले. सर्जेरावांनी भावाला पटक्यापासून वहाणांपर्यंत बघितलं, हात बघितले, बोटं बघितली.

"दादा, फुटली का?"

"न्हाई," रंगराव म्हणाले. "उडाली."

"उडाली?"

"उडाली."

सर्जेराव मटकन भिंतीला टेकले. मी वही घेऊन शेजारी उभा होतो, मला परवानाधारकाची सही हवी होती. पण दोघांनाही मी दिसत नव्हतो.

"तू आदी वाजिवलंस," रंगराव म्हणाले.

"आदी न्हाई. तिसऱ्या चांगभल्यालाच. तुमचा हात मागनं आला."

"दोरी ढिली व्हती."

"मला भितीमागनं दोरी दिसतीया व्हय?"

"इच्यारायचं."

"कुनाला इच्यारू? तुमी बोलताय व्हय माज्याशी?"

रंगरावांनी घसा साफ केला, मग पुन्हा साफ केला, पण आवाज फुटला तो चिरकाच. म्हणाले, "एकुनीस वर्सं कवा चुकला न्हाईस, सर्जा. आन् आज पोलिसांम्होरं येळ चुकवलीस."

सर्जेरावांच्या हातातली काड्यापेटी खाली पडली.

"तुमास्नी ठावं व्हतं?"

"बंदूक हातात आन् आवाज पाठीमागं. तेवढे कान हायत की मला."

"मंग बोलला न्हाई कवा. पयल्या साली म्या देवळामागं हुबा व्हतो, घोडा नुसता खटकला, म्हून पोरांचा बॉम्ब पेटिवला."

"तू तरी कुटं बोललास."

एकोणीस वर्षांत कधीही मान धाकट्याकडे गेला असता, एका दसऱ्याला तो नुसता घरी बसून राहिला असता तर. मी हे आत्ता बोलतो आहे, तेव्हा मला एवढंच दिसलं की सर्जेराव खाली वाकून काड्यापेटी उचलायला गेले आणि तिथेच पडलेला कागदाचा एक कपटा त्यांनी उचलला. उन्हात धरला.

"ही माजी सही हाय."

"व्हय. वाटनीपत्र. दिलं उडवून."

सर्जेराव व्यवहारी माणूस होते. जरा विचार करून म्हणाले, "रजिस्टर हापिसात नक्कल हाय, दादा."

"आसंना. तितं बंदूक न्हेऊन देत न्हाईत."

मग मात्र दोघेही हसायला लागले. मोठ्यांदा नाही, पण थांबेनात. रंगरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी दोरीनेच पुसलं. मी उगाच वहीची पानं चाळत राहिलो. गुरव जवळ आला आणि हळूच म्हणाला, आता दसऱ्याला काय सांगायचं लोकांना? त्याची देवीची करणी बुडाली होती, त्याची चिंता बरोबर होती.

परतीच्या एस.टी.त थोरलीला पुन्हा खिडकीजवळची जागा मिळाली. तिच्या एका बाजूला रंगराव बसले. सर्जेराव दुनळी घेऊन शेजारी उभे राहिले, आणि तिघा काळजीवाल्यांपैकी एकाने त्यांना जागा देऊ केली तर नको म्हणाले.

चार दिवसांनी मी पिंपरणीला गेलो. कामाचं काही नव्हतं, नुसता गेलो. थोरलीची केप धाकट्याने बसवली, घोडा थोरल्याने पाडला. तिसऱ्या चांगभल्याला देवळापुढे बार झाला, धूर देवळापुढेच निघाला, रंगराव झटक्याने एक पाऊल मागे गेले. आणि सगळा गाव हातात आपट्याची पानं घेऊन तसाच उभा राहिला. कोणी कोणाला पान देईना. काही तरी राहिलंय, सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी सर्जेराव हळूच देवळामागे गेले. तिकडून सुतळी बॉम्बचा आवाज आला, आणि मगच लोकांनी पानं वाटली. आता रिवाज तसाच पडला आहे म्हणतात.

त्या दिवशी ठाण्यात सगळे गेल्यावर मी वही उघडली होती. नळी, साफ. घोडा, चालतो. चाप, चालतो. दस्ता, जुना पण शाबूत. मग तो रुंद रकाना आला. ठीक लिहायचं नव्हतं, आणि नुसतं चालते लिहून मला पुरेसं खरं वाटेना. दहा वर्षांच्या नोकरीतला तो माझा पहिला खरा अभिप्राय होता. मी लिहिलं, 'बंदूक चालते. मात्र एकट्याने उडवू नये.'

दिवाळीनंतर मुख्यालयाच्या कचेरीतून लेखी विचारणा आली. सदर शेरा कोणत्या नियमान्वये देण्यात आला, त्याचा खुलासा करावा. नियम असा कुठे नव्हता. मी त्याच कागदाच्या खाली एक ओळ लिहून परत पाठवली. 'प्रत्यक्ष चाचणीत तसे आढळून आले.'